एक मीटर दहा ते एक मीटर नव्वद

आत्याच्या जेवणाच्या टेबलावर मी मोजल्या त्या वस्तू अशा: भिंगांचे गट तीन, प्रत्येक आपापल्या कडीत बसवलेला, एकमेकींत फिरणाऱ्या, आटे पाडलेल्या नळ्या दोन, आकडे कोरलेल्या रिंगा दोन, स्क्रू अकरा, त्यांतले तीन बाकीच्यांपेक्षा बुटके, ग्रीसची डबी एक, चहाचे कप दोन, दोन्ही भरलेले आणि दोन्ही गार, काळा मार्कर एक, टोपण लावलेला, हात चार.

हातांपैकी दोन आत्याचे होते आणि दोन लिफ्टकाकांचे. चारही एकाच रिंगवर होते. ती रिंग अंगठ्याएवढी रुंद आहे आणि तिला धरायला दोन बोटं पुरतात.

"तू कधी आलीस?" आत्यानं हात मागे घेत विचारलं.

"बेल दोनदा वाजवली."

"बेल बिघडली असेल. बघतो मी," लिफ्टकाका म्हणाले आणि खरंच उठून बघायला गेले. बेल वाजली. चांगली खणखणीत वाजली. तरी ते दारात उभं राहून ती पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, कानांची लाली उतरेपर्यंत.

ही दोघं लग्न करणार होती. आत्या अठ्ठावन्न वर्षांची, लिफ्टकाका साठी ओलांडलेले. आत्यानं सगळं आयुष्य एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढले. मान सरळ, ओठ मिटा, हसू नका. हे ती इतक्या वेळा म्हणाली आहे की झोपेतसुद्धा म्हणते, असं आई सांगते. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर होता आणि त्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे अडकायची. एकदा आत्या आत असताना अडकली. बाहेरून लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस दारातून बोलत राहिला, तिला धीर वाटावा म्हणून. दार उघडलं तेव्हा आत्या म्हणाली, "झालंसुद्धा इतक्यात?" पुढच्या आठवड्यात तो माणूस पासपोर्टचा फोटो काढायला आला. फोटो काही केल्या निघेना, कारण हसू नका म्हटलं की त्याला हसू फुटायचं. शेवटी आत्यानं त्याला गेलेल्या माणसांची आठवण काढायला सांगितलं. त्यानं डोळे मिटून आठवण काढली आणि डोळे उघडून समोर आत्या दिसल्यावर पुन्हा हसला. त्याला अजून पासपोर्ट मिळालेला नाही.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकानं आत्याला दोन गोष्टी दिल्या: जुना तिपाई स्टँड आणि ही लेन्स. पन्नास मिलिमीटरची, धातूची, हातात घेतली की वजन जाणवणारी. फोकस हातानं फिरवायचा, अॅपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं भोक, तेही हातानं लहान-मोठं करायचं, आत एकही तार नाही. आत्यानं तिच्यातून निम्म्या शहराचे चेहरे काढले होते. "पण मी स्वतः या लेन्ससमोर एकदाही उभी राहिलेली नाही," ती मला म्हणाली होती. "माझ्या लग्नात एक फोटो हवा. सगळ्यांचा. यातूनच. आणि सगळे म्हणजे सगळे."

'सगळे म्हणजे सगळे' याचा अर्थ बाबा.

बाबा आत्याचे थोरले भाऊ. त्यांना हे लग्न औषधाच्या दुकानात कळलं. दुकानदारानं गोळ्या बांधता बांधता अभिनंदन केलं, आणि बाबांनी आपल्याला कशाबद्दल शाबासकी मिळते आहे हे न समजून त्याचे आभार मानले. घरी येऊन चौकशी केली तर आत्या म्हणाली, वहिनीनं सांगितलं असेल असं वाटलं. आई म्हणाली, बहीण आहे ती, तीच सांगेल असं वाटलं. तेव्हापासून बाबा रुसले होते. "मी येईन," त्यांनी जाहीर केलं. "पाहुणा म्हणून येईन. पाहुणे उभे राहतात तिथे उभा राहीन."

माझ्याकडे होता नवा डिजिटल कॅमेरा. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर थेट बसत नाही. मधे अडॅप्टर नावाची एक पोकळ कडी लागते. ती मी आणली. लेन्स मात्र वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे जाम झाली होती, म्हणून आत्या आणि लिफ्टकाकांनी ती त्या दिवशी उघडून, पुसून, नवं ग्रीस लावून परत जोडली. स्क्रू एकही उरला नाही. रिंग लोण्यासारखी फिरू लागली.

मी ती कॅमेऱ्यावर चढवली. पडद्यावर अक्षरं आली: लेन्स जोडलेली नाही.

"काय म्हणतोय हा?" आत्यानं चष्मा वर केला.

"लेन्समधे तारा नाहीत ना. त्याला कळत नाही काही लावलंय ते."

"एवढ्या लोकांची लग्नं जमली माझ्या फोटोंवर, नोकऱ्या लागल्या, आणि हा म्हणतो लेन्स नाही. सांग त्याला."

मी सेटिंगमध्ये जाऊन त्याला सांगितलं की लेन्स नसली तरी फोटो काढत जा. आत्याला तो शब्दप्रयोग आवडला नाही, पण कॅमेरा ऐकायला लागला.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे आणि वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. न तपासता काही वापरणं माझ्या हातून होत नाही. त्यामुळे मी लेन्स घरी नेली, भिंतीवर बारीक रेघांचा तक्ता चिकटवला, प्रयोगशाळेतली पट्टी आणून बरोबर एक मीटरवर कॅमेरा मांडला आणि प्रत्येक अॅपर्चरला, मधे आणि चारही कोपऱ्यांत, रेघा किती बारीक दिसतात ते मोजलं. आकडे फार सुंदर आले. मी आत्याला फोनवर वाचून दाखवले. तिनं ते लिफ्टकाकांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "ग्रीस चांगलं आहे."

एक मीटर यासाठी, की पट्टी एक मीटरची होती. खोलीला खिडकीही आहे आणि तिच्यातून समोरच्या इमारतीची टाकी दिसते. तिच्याकडे कॅमेरा वळवावा असं मला सुचलं नाही. टाकीवर रेघा नव्हत्या.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. दोन सह्या, दोन साक्षीदार, एक शिक्का. लिफ्टकाकांनी सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या तीन कागदांवर ती उमटली. मग सगळे बाहेर पायऱ्यांवर आले. ऊन स्वच्छ होतं. आत्या आणि लिफ्टकाका मधे, आई, लिफ्टकाकांची नर्स बहीण, तिचा इतका उंच मुलगा की त्याला सगळे खांब म्हणतात, आणि दोन्हीकडची आणखी मंडळी. बाबा पायऱ्यांवर चढले नाहीत. ते बाजूला, इथे वाहने लावू नयेत अशी पाटी होती तिच्याखाली, हाताची घडी घालून उभे राहिले.

मी तिपाई लावली. जुन्या लेन्सवर फोकस डोळ्यांनी शोधावा लागतो, पण नवा कॅमेरा त्यात एक मदत करतो: जे स्पष्ट आहे त्याच्या कडांवर पडद्यात लाल रेघा उमटतात. मी सात-आठ पावलांवरून बघितलं. लाल काही नव्हतं. रिंग फिरवली. नव्हतं. शेवटच्या टोकापर्यंत, जिथे अगदी लांबचं दिसायला हवं तिथपर्यंत फिरवली. तेरा माणसांच्या जागी तेरा मऊ रंगीत ढग उभे होते.

"काय झालं?" आत्या.

"काही नाही. हसा."

मी तिपाई उचलून एक पाऊल पुढे आले. ढग. अजून एक. ढग. पायऱ्यांवरची मंडळी माझ्याकडे बघत होती आणि मी पडद्याकडे बघत त्यांच्यावर चालून जात होते. शेवटी लिफ्टकाकांच्या मिशीच्या टोकावर लाल रेघ उमटली. मी मान वर केली. मी त्यांच्या इतकी जवळ होते की त्यांनी त्या दिवसाच्या निमित्तानं लावलेलं अत्तर मला ओळखता आलं.

"टेप आहे?" मी विचारलं.

लिफ्टकाकांनी लग्नाच्या कोटाच्या खिशातून टेप काढली. लग्नात टेप कशाला, असं कोणीच विचारलं नाही. एक मीटर चाळीस.

माझ्या डोक्यात तेव्हा टेबल आलं. लेन्सच्या त्या दोन नळ्यांच्या आट्यांना सुरुवात एकच नसते, बऱ्याच असतात. नळ्या नेमक्या कुठे सुटल्या तिथे खूण करून ठेवायची असते. चुकीच्या सुरुवातीत बसवल्या तरी त्या छान बसतात, रिंग छान फिरते, फक्त लेन्स जेमतेम दोन मिलिमीटर पुढे राहते. तेवढ्यानं लांबचं जग जातं. एक मीटर राहतो.

"नळ्या वेगळ्या करताना खूण कोणी केली होती?"

आत्यानं लिफ्टकाकांकडे बघितलं. लिफ्टकाकांनी आत्याकडे.

"मला वाटलं, तुम्ही केलीत," आत्या म्हणाली.

"मी समजलो, मॅडमनी केली."

"मार्करचं टोपणसुद्धा निघालं नव्हतं," मी म्हणाले. "मी मोजलं होतं."

पाटीखालून बाबांचा आवाज आला. "बरोबर आहे. या घराण्यात प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं केलं असेल."

आईला एकदम खोकला आला.

लिफ्टकाकांनी दुसऱ्या खिशातून छोटा पेचकस काढला. "दहा मिनिटं द्या. इथेच पायरीवर उघडतो."

"ठेवा तो आत," आत्या म्हणाली. "आज तुम्ही काहीही उघडायचं नाही."

"फोनवर काढूया ना, मामी," खांब म्हणाला. तो तिला पहिल्यांदाच मामी म्हणाला होता आणि त्यामुळे आत्या क्षणभर विरघळली, पण तेवढ्यापुरतीच. "फोनवर तुम्ही पुढच्या लग्नात काढा. माझा याच लेन्सनं."

मी अॅपर्चर पाहिलं. ते लहान केलं की उजेड कमी येतो, पण स्पष्ट दिसण्याची हद्द फोकसच्या पुढे-मागे पसरते. ऊन भरपूर होतं. मी तिची रिंग सोळा आकड्यापर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत फिरवली आणि पडद्यावरची लाली मिशीपासून लिफ्टकाकांच्या कानापर्यंत, तिथून मागे आईच्या पदरापर्यंत सरकत गेली. मी मनात हिशोब केला, मग टेपनं पडताळला. लेन्सपासून एक मीटर दहा ते एक मीटर नव्वद. त्या मधल्या ऐंशी सेंटीमीटरच्या कापात जो असेल तो स्पष्ट. बाहेरचा ढग.

"ऐका," मी सगळ्यांना म्हणाले. "आपल्याला ऐंशी सेंटीमीटरमध्ये मावायचंय."

"रुंदीत?" नर्सताईंनी विचारलं.

"नाही, जाडीत. रुंदी साधारण एक मीटर."

"अगं, माझी एकटीचीच जाडी," आई म्हणाली आणि वाक्य सोडून दिलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी कोणत्याही प्रयोगशाळेत बघितलेलं नाही. लिफ्टकाकांनी जमिनीवर खडूनं दोन रेघा मारल्या. खडू तिसऱ्या खिशात होता. सगळी मंडळी रेघांमधे आली. पाच जण गुडघ्यांवर, बाकीचे वाकून, मागचे टाचांवर. लोकांना लिफ्टमध्ये बसवण्याचा लिफ्टकाकांचा अनुभव कामी आला. "पोट आत, खांदे तिरके, श्वास आळीपाळीनं," ते सांगत होते. "क्षमता तेरा माणसं. घाबरू नका, दोरी मजबूत आहे." खांबाला तीन ठिकाणी दुमडावं लागलं. कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी कानात गेलं आणि दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले. नर्सताई सारख्या म्हणत होत्या, "कोणाची नाडी आहे ही, फार जोरात उडतेय," आणि ती आत्याची निघाली.

आत्या हसत होती. आवाज न करता, खांदे उडवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं.

पडद्यावर लाली पसरली. बारा चेहरे लाल रेघांनी आखले गेले. चौकटीच्या टोकाला, पाटीखाली, एक ढग राहिला.

"बाबा, पुढे या."

"मी इथून दिसतोय की."

"दिसताय. धूसर दिसताय."

"असू दे धूसर. पाहुणा आहे."

 मग आत्या दोघांच्या बगलांखालून वाट काढत त्या कापातून बाहेर आली. बाबांजवळ गेली आणि त्यांच्यासारखीच हाताची घडी घालून पाटीखाली उभी राहिली.

"तू कुठे आलीस?" बाबा म्हणाले.

"मीही धूसर."

"वेडेपणा करू नकोस. फोटो तुझा आहे."

"मला सगळ्यांचा हवाय. सगळे स्पष्ट नाहीतर सगळे धूसर."

लिफ्टकाकांनी रेघांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि तेही निघाले. त्यांच्या मागोमाग नर्सताई. खांब उलगडला आणि तीन ढांगांत पोहोचला. आई "अगं बाई" म्हणत, गुडघा चोळत गेली. मिनिटाभरात माझ्यासमोर दोन खडूच्या रेघा होत्या आणि त्यांच्यामधे कोणी नव्हतं.

मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग लक्षात आलं की ऐंशी सेंटीमीटरचा तो काप काही जमिनीला चिकटवलेला नाही. तो कॅमेऱ्याच्या नाकासमोर असतो. कॅमेरा नेईल तिकडे जातो.

मी तिपाई उचलली आणि पाटीकडे नेली.

बाबांना ते समजेपर्यंत उशीर झाला होता. मागे भिंत होती, डोक्यावर पाटी, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी माणसं सरकत होती. लिफ्टकाका पुन्हा क्षमता सांगू लागले. बाबांचे घडी घातलेले हात तसेच दाबले गेले आणि आता सोडवताही येईनात.

"माझं नाक कोणाच्या केसांत आहे?" बाबांनी विचारलं.

"माझ्या," आत्या म्हणाली. तिचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं. "दादा."

"काय."

"वहिनी सांगेल असं मला वाटलं नव्हतं. मी मुद्दामच सांगितलं नाही. तू हसशील म्हणून."

"मी कधी हसलोय?"

"तेच ना. आणि नेमका माझ्या या वयातल्या लग्नालाच हसला असतास तर."

 मी पडद्यात बघत होते आणि तिथे त्यांच्या ओठाच्या कडेला लाल रेघ सरकली.

तेवढ्यात कार्यालयाचा कारकून शिक्का हातात घेऊनच बाहेर आला. "अहो, इथे गर्दी करू नका, पुढची जोडी खोळंबलीय."

"भाऊ, अर्धा मिनिट," आत्या त्याला म्हणाली, तिच्या स्टुडिओतल्या आवाजात. त्या आवाजाशी माणसं वाद घालत नाहीत. "इकडे या. डावीकडे. हनुवटी खाली. अजून पुढे." कारकुनाला काही कळायच्या आत तो कापात होता, शिक्क्यासकट.

चौदा. सगळ्यांवर लाल रेघा. मी बटणावर बोट ठेवलं.

"थांब," आत्या म्हणाली. "तू?"

"मी काढतेय ना."

"मला विचार कॅमेऱ्यामागे उभं राहून काय होतं ते. टायमर लाव. ये."

"आत्या, जागा नाही."

"होईल जागा," चौदांपैकी निदान नऊ जण म्हणाले. जागा होणार नव्हती, हे मला टेप न लावता दिसत होतं. मी टायमर दहा सेकंदांवर लावला. दिवा लुकलुकायला लागला. मी तिपाईला वळसा घालून धावले.

"मान सरळ," आत्या सवयीनं म्हणाली. "ओठ मिटा." मग ती अडखळली. तिसरं वाक्य तिच्या तोंडून निघेना. लिफ्टकाकांना हसू फुटलं. त्यांचा हादरा खांबाला लागला, खांबाचा आईला, आणि बाबांच्या पोटातून असा एक आवाज आला की मी धावता धावता त्यांच्याकडेच बघत राहिले, त्यामुळे जी काही फट होती ती मला सापडली नाही. मी माणसांच्या भिंतीवर आदळले, परत आले, आणि जिथे होते तिथेच कॅमेऱ्याकडे तोंड करून खाली बसले.

घरी येऊन मी फोटो मोठ्या पडद्यावर पूर्ण आकारात उघडला आणि एकेक चेहरा तपासला. धूसर चेहऱ्याच्या कडेची रुंदी मोजून त्यावरून अंतर काढता येतं, तेही काढलं.

चेहरे पंधरा. डोळे उघडे असलेले अकरा. ओठ मिटलेला एकही नाही. फोकसमध्ये चौदा, त्यांतले सगळ्यात मागचे बाबा, लेन्सपासून एक मीटर सत्त्याऐंशी सेंटीमीटरवर. पंधरावा चेहरा माझा, ब्याण्णव सेंटीमीटरवर.